खडकमाळावरचा जाळपट्टा

खडकमाळ, ता. शिरूर
१० जानेवारी २००२

तीर्थस्वरूप आबांच्या चरणी धनश्रीचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आईला सांगा, वनरक्षकाची खाकी आता अंगाला बसली, बुटांनी आलेले फोडही गेले.

काम मात्र अवघड झालंय. इथल्या माळावरची कडुनिंबाची झाडी इतकी दाट आहे की फांदीत फांदी अडकलीय, आणि खाली कमरेएवढं वाळलेलं गवत. उन्हाळ्यात ठिणगी पडली तर सगळं जाईल. म्हणून आधी विरळणी करायची आहे. दाटीतली खुरटी झाडं काढायची, उरलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. मग झाडीभोवतीचा गवताचा पट्टा आपणच जाळून ठेवायचा, म्हणजे बाहेरून आलेल्या आगीला तिथं खायला काही उरणार नाही.

पण ही झाडं गावातल्या बायकांनी रोजगार हमीवर लावलेली. सोजराबाईंनी तर दुष्काळात डोक्यावरून हंडे आणून ती जगवली. काल त्या मजुरांना आडव्या गेल्या. मला म्हणाल्या, "राखायला पाठवली तुला, आन् तूच कोयता घिऊन आलीस व्हय?" मी काम थांबवलं.

काय करू ते कळवा. तुमच्या चार ओळींनी धीर येईल.

तुमची,
धनश्री

दौंड, रेल्वे कॉलनी
१८ जानेवारी २००२

चि. धनश्रीस आबाचे अ. उ. आ.

पत्र पावलं. तुझी आई म्हणती, बदली मागून घे. वर मलाच विचारती, सोयरे आले आन् पोरगी काय करती म्हणाले तर काय सांगायचं, आग लावती? मी हसलो खरा, पण घोर मलाबी हाय. रेल्वेच्या गँगवर काम करताना रुळाकडंचं गवत पेटलेलं लई वेळा पाह्यलंय. वारा फिरला की पळता भुई थोडी हुती.

सोजराबाईंशी हुज्जत घालू नको. साहेबाचा हुकूम दाखवू नको. ज्या बाईनं पाणी घातलं, तिला आधी इचारायला पायजे हुतं. त्यांच्या दारात जाऊन बस. ऐकून घे, मग तुझं सांग.

आईनं शेंगदाण्याची चटणी केलीय, येणाऱ्या माणसाबरोबर धाडतो. जपून ऱ्हा, आन् आमची आठवण असू दे.

तुझा,
आबा (संपत)

खडकमाळ
२४ फेब्रुवारी २००२

ती. आबांस सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. सोजराबाईंच्या ओट्यावर तीन-चारदा जाऊन बसले. त्या नुसता चहा द्यायच्या. शेवटी त्यांना पलीकडच्या डोंगरावर घेऊन गेले. तिथली झाडी गेल्या उन्हाळ्यात जळाली. काळ्या खोडांमधून त्या बराच वेळ हिंडल्या. परतताना एवढंच म्हणाल्या, की कुठलं झाड काढायचं ते मी दाखवीन. आणि दाखवलंही. प्रत्येक झाडावर हात ठेवून मग बाजूला व्हायच्या. मला ते बघवत नव्हतं.

काल पट्टा जाळला. सकाळची वेळ, गवतावर दव, वारा पडलेला. दोन्ही कडा आधी खरवडून घेतल्या होत्या. सोजराबाई ओलं गोणपाट घेऊन आल्या आणि झाडीकडच्या अंगाला उभ्या राहिल्या. झाडाकडं ठिणगी गेली तर तुला सोडणार न्हाई, असं बजावलं. एकही गेली नाही. पेटवायची काडी मीच ओढली, हे आईला सांगू नका.

माया असू द्यावी.

धनश्री

खडकमाळ
१२ एप्रिल २००२

ती. आबांस सा. न. वि. वि.

पेपरात वाचून घाबराल म्हणून लगेच लिहिते. मी सुखरूप आहे.

परवा दुपारी खालच्या शेतात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं आणि वारं सुटलं. आग माळावर चढली. पुरुषभर उंच जाळ आमच्याकडं येताना पाहिला. पण जळक्या पट्ट्यापाशी येऊन तो बसला. खायला काही उरलंच नव्हतं.

एका कोपऱ्यात ठिणग्या पट्टा ओलांडून आत पडल्या. तोवर सोजराबाईंनी गावातल्या बायका गोळा करून आणल्या होत्या. खालच्या फांद्या छाटलेल्या, म्हणून आग शेंड्याला गेली नाही, गवतातूनच सरपटत राहिली. ओल्या डहाळ्यांनी आम्ही ती झोडपून विझवली. कोपऱ्यातली थोडी झाडं होरपळली, सोजराबाईंचा हात भाजला. बाकी झाडी उभी आहे.

आज पहिल्यांदा वाटलं, ही खाकी माझी आहे.

धनश्री

दौंड
६ मे २००२

चि. धनश्रीस अ. उ. आ.

तुला न सांगता एक गोष्ट केली. रविवारी सुट्टी हुती. चौफुल्यावरनं न्हावऱ्याची एस.टी. धरून तुझ्या माळावर आलो. तू शिरूरला मीटिंगला गेलेली.

पट्ट्यावर उभा हुतो, तर हाताला फडकं बांधलेली एक बाई आली. कोण तुम्ही, इथं बिडी ओढायची न्हाई, म्हणून दरडावलं. मी म्हणालो, "मी धनश्रीचा बाप." सगळी नोकरी मी 'संपत गँगमन' म्हणून काढली. धनश्रीचा बाप, हे नाव मी पहिल्यांदाच सांगितलं.

मग त्यांनी मला सगळी झाडी फिरवून दावली. होरपळलेल्या निंबांना बुडातनं तांबडे कोंब फुटल्यात, तेबी दावले. म्हणाल्या, "पुढच्या सालीबी पट्टा जाळायचा हाय. आमच्या बाईला कुठं बदलून नेऊ नका म्हणावं." मी म्हणालो, ते साहेबांच्या हातात हाय. तर म्हणाल्या, मग साहेबाला हिकडं पाठवा, मी बोलते.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती बदलीचं काही बोलली न्हाई. कधी न्यायचं मला, एवढंच इचारलं. येत्या रविवारी दोघं येतो. त्या दिवशी मातर माळावर ऱ्हा.

तुझा,
आबा