तेहतीस सेकंदांचा घोडा

ती. दाजी,

साष्टांग नमस्कार. तुमचा पाय अजून प्लास्टरमध्ये वर टांगलेला आहे असं ताईच्या फोनवरून कळलं, तेव्हा आशीर्वाद पडल्या पडल्याच द्यावा, उठायच्या भानगडीत पडू नये. भूक लागते का, शेजारच्या खाटेवरचे घोरणारे गृहस्थ घरी गेले का, परिचारिका अजून तुमच्याशी भांडतात का, सगळं सविस्तर कळवावं. इकडे मी बरा आहे. (बरा म्हणजे दोन वेळा जेवतो आणि रस्त्यानं खाली मान घालून चालतो.) बावीस वर्षं चालवलेलं रेसचं सदर तुम्ही विश्वासानं माझ्या हाती दिलंत. मोठ्या शर्यतीचं काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल, पण ते सगळं मीच लिहिलेलं असल्यामुळे खरं काय घडलं ते वेगळं कळवणं भाग आहे.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला तुमची दुर्बीण गळ्यात अडकवून आणि स्टॉपवॉच मुठीत धरून मी रेसकोर्सच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो. मी जन्माचा मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरतो, तेव्हा घोड्यांच्याही काढेन असं तुम्हांला वाटलं असावं. पण कागदावरचा 'क' कुठूनही पाहिला तरी 'क'च असतो. धुक्यातून येणारा घोडा फक्त तपकिरी असतो. सरावाच्या वेळी त्यांच्या पाठीवर नंबर नसतात, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. तुमच्या वहीत प्रत्येकाच्या खुणा आहेत, हा पाय पांढरा, ती चांदणी वगैरे. पण वहीत बघेपर्यंत घोडा तबेल्यात पोचलेला असे.

कठड्याशी तुमचे सात-आठ जाणकार मित्र होतेच. सगळे घड्याळ कोटाखाली लपवून वेळ घेतात आणि विचारलं की दोन सेकंद खोटं सांगतात. आठवडाभर त्यांचं ऐकून मला त्यांचं शास्त्र पुरतं कळलं. घोडा जोरात पळाला तर तो तयारीत आहे. हळू पळाला तर ट्रेनर त्याला लपवतोय. बाहेर आलाच नाही, तर मग फारच मोठा डाव आहे. (या शास्त्रात चुकायची सोयच ठेवलेली नाही. मुद्रितशोधनात जन्म फुकट घालवला असं मला वाटलं.) मी काही बोलत नसे, कारण मला काही कळत नसे. पण दाजींचा माणूस तोंड उघडत नाही म्हणजे पाणी मुरतंय, असा समज पसरला. ज्याला तुम्ही सगळे 'हवामान खातं' म्हणता, तो तर चौथ्या दिवसापासून माझ्यासाठी चहा आणू लागला.

शर्यतीला चार दिवस उरले असताना ती घटना घडली. मंडळी चहाला गेली होती, कठड्याशी मी एकटा. एवढ्यात धुक्यातून एक तपकिरी घोडा असा सुटून आला की माझी टोपी उडाली. मी घड्याळ दाबलं. सहाशे मीटर, तेहतीस सेकंद, आठवडाभरातली सगळ्यांत कमी वेळ. मागचा डावा पाय पांढरा दिसला. वही उघडली, तर सात नंबर: तपकिरी, मागचा डावा पाय पांढरा, कपाळावर चांदणी. (चांदणी दिसली नव्हती, पण धुकं होतं. ती मी गृहीत धरली.) सात नंबरला कुणी विचारत नव्हतं. मी ऑफिसात येऊन एका बैठकीत सदर लिहिलं. 'नजर ठरत नव्हती' असं लिहिलं, ते अक्षरशः खरं होतं. दुसऱ्या दिवशी जो तो सात नंबरवर पैसे लावू लागला, आणि त्याचा भाव, म्हणजे जिंकल्यास मिळायची रक्कम, असा काही उतरला की हवामान खात्यानं रस्त्यात माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्याच दुपारी सात नंबरचा ट्रेनर ऑफिसात आला. आवाज न चढवता त्यानं मला जिन्यात बोलावलं आणि म्हणाला, "माझा घोडा पाच दिवसांपासून लंगडतोय. तबेल्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही त्यानं. तुम्ही कोणाला पाहिलंत?"

मी त्याला धुक्यातली हकीकत सांगितली. तो घोड्याला शर्यतीतून काढणारच होता. पण मालक, म्हणजे ते दातांचे डॉक्टर, माझं सदर वाचून फुलून गेले होते. लंगडणं वगैरे ट्रेनरचे बहाणे आहेत, घोडा पळालाच पाहिजे, म्हणून अडून बसले. तशा पायानं पळवला तर घोडा कायमचा जायचा, हे सांगताना तो एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी तसाच रेसकोर्सवर गेलो आणि दिसेल त्याला विचारत सुटलो. शेवटी नालबंद हातातली कानस खाली ठेवून, खाली बघत म्हणाला, "साहेब, तो मी होतो." त्याच्याखाली होता तबेल्यातला अठरा वर्षांचा म्हातारा घोडा, मागचा डावा पाय तसाच पांढरा, जो तरण्या घोड्यांना सोबत म्हणून नुसता शेजारून चालवतात. उडत आलेल्या प्लास्टिकच्या कागदाला बुजून तो उधळला होता. शिवाय मी घड्याळ सहाशेच्या खांबाऐवजी पाचशेच्या खांबाला दाबलं होतं, हेही नालबंदानंच फार अदबीनं दाखवून दिलं.

मग मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. पेशंट असल्याशिवाय ते कोणाला भेटत नाहीत, म्हणून खुर्चीत बसलो, आणि चूळ भरायला मिळे तेवढ्या फटीत सगळा गुन्हा कबूल केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझी एक चांगली दाढ कोरली आणि म्हणाले, "भाव पुन्हा वर जावा म्हणून पसरवताय ना हे? मी इतका भोळा नाही." खोटं लिहिलं ते त्यांना पटलं होतं, खरं सांगितलं तर मी लबाड. संपादकांना म्हटलं, चूक झाली, दुरुस्ती छापा. ते म्हणाले, छापू, शर्यतीनंतर. (तीस वर्षांत पहिल्यांदा माझी स्वतःची चूक छापली गेली, आणि तीच तेवढी मला दुरुस्त करता येईना.)

उरला एकच मार्ग. शर्यतीच्या दिवशी मी रेसकोर्सच्या पशुवैद्याला गाठलं आणि ट्रेनरसमोर त्याच्या हातात कबुली लिहून दिली, सहीनिशी. त्यानं सात नंबरला गोल फिरवून पाहिलं, पायावर हात ठेवला आणि दोन मिनिटांत त्याला शर्यतीतून काढलं. लोकांनी आरडाओरडा केला, डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की दाढ ठणकली. ट्रेनर मात्र घोड्याची मान थोपटत उभा होता, आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं.

शर्यत जिंकला दुसऱ्या एका मालकीणबाईंचा घोडा, ज्याला मी सदरात 'सुस्त' म्हणून मोडीत काढलं होतं. मला वाटलं, आता जाणकार मला सोलणार. छे. सात नंबर पळता तर जिंकलाच असता यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि सुस्त घोड्याबद्दल हवामान खातं म्हणालं की सराव लपवला होता. कबुलीबद्दल मी स्वतः चारचौघांत सांगितलं, तर मंडळी डोळे मिचकावून हसली. दाजी, राग मानू नका, पण तुमचे घोडे बावीस वर्षं पळून हरले. माझा न पळता अजिंक्य ठरला.

औषधं वेळेवर घ्यावीत.

आपला धाकटा मेहुणा

ता. क. संपादकांनी विचारलं, दाजी कधी परत येणार. मी सहा महिने म्हणून सांगितलं आहे. डॉक्टर लवकर सोडत असतील, तर त्यांना तसं करू देऊ नये.

दुसरा ता. क. उधळला म्हणून त्या म्हाताऱ्याला तबेल्यानं काढून टाकायचं ठरवलं. नालबंद डोळे पुसत होता आणि दोष माझा होता. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे आहेच. घोडा सध्या तुमच्या परसात आहे, स्वभावानं गरीब आहे, आणि ताईचे गुलाब त्याला मानवले आहेत. हे ताईला तुम्ही सांगावं, आणि प्लास्टर निघायच्या आत सांगावं. टांगलेल्या पायाच्या माणसावर ती हात उचलणार नाही.