तळहातावरचा तिठा

पिंपरी,
सप्टेंबर १९५९

प्रिय इंदुताई,

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव वरखाली व्हायला नको: बाळ ठणठणीत आहे आणि मीही. घरात कुणी पत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं तर एवढंच वाच. बाकीचं गोठ्यात जाऊन, एकटीनं वाच.

बाळंतपणाला मला तुझ्याकडेच यायचं होतं. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे खेडचं तुझं घर. तू मात्र ‘इथे नको, तिकडेच हो’ एवढाच कोरडा निरोप धाडलास. बाई गं, किती रडले मी तेव्हा, आणि किती चिडले! शेवटी सासूबाई मोशीहून आमच्या इथे, औषध कारखान्याच्या खोलीवर आल्या. डिंकाचे लाडू, शेक, धुरी, कशाला म्हणून कमी केलं नाही त्यांनी. तुला त्या माहीतच आहेत. त्यांचं तोंड सुरू झालं की कारखान्याचा भोंगा बरा म्हणायचा. एके दिवशी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना मुठीतला मळ काढायला त्यांनी मूठ उघडली आणि एकदम गप्पच झाल्या. मंजुळाबाई गप्प! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. जवळ जाऊन बघते तर बाळाच्या तळहातावर वरच्या दोन रेषांच्या जागी एकच रेषा, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ. तुझ्या दुर्गीच्या हातावर आहे तशीच.

दुर्गी झाली तेव्हा डॉक्टरांनी तिची हीच रेषा दाखवून सांगितलं होतं, पोर मंद राहील म्हणून. ते सगळ्या गोतावळ्याला पाठ आहे. सासूबाईंनी बाळाला पुसलं, गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, गिराण पाळलं व्हतंस न्हवं? मी पाळलं नव्हतं का, ताई? होळीच्या सुमाराचं ते चंद्रग्रहण, पाण्याचा घोट घेतला नाही, की अंग दुमडलं नाही. लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून होते. मग ही रेषा आली कुठून? त्या दिवसापासून बाळ झोपलं की मी त्याची मूठ उघडून बघायची. रेषा काय पुसली जाणार होती? बारसंही पुढे ढकललं. सासूबाईंनी काळे दोरे इतके बांधले की पोराचं मनगट दिसेना.

शेवटी हे म्हणाले, उगाच कुढत बसण्यापेक्षा पुण्याला दाखवून येऊ. कारखान्यातल्या कुणीतरी एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. बाई करड्या केसांच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी बाळाचे डोळे, मान, जीभ पाहिली, हातपाय ताणून पाहिले. मग छापखान्यातली असते तशी काळी शाई काढली आणि बाळाच्या तळहाताला लावून कागदावर ठसा घ्यायला लागल्या. पोरगं कसलं ऐकतंय! मूठ म्हणून उघडेना. सगळी शाई माझ्या पदराला. मग म्हणाल्या, आता आईबापांचे हात द्या. यांनी हात पुढे केला, आणि ताई, काय सांगू! तीच रेषा. अशी सरळ, आडवी, विहिरीवरच्या दोरासारखी. लग्नाला इतकी वर्षं झाली, रोज भाकरीसाठी हा हात माझ्यापुढे येतो, आणि मी तो कधी नीट बघितला नव्हता. विचारलं तर म्हणतात कसे, मला वाटलं पुरुषांची अशीच असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, इथे उलटंच झालं. मी डॉक्टरीणबाईंसमोर हसत सुटले आणि हसता हसता रडायला लागले.

पण बाई नुसत्या रेषेवर थांबल्या नाहीत. अशी रेषा चांगल्या धडधाकट माणसांतही असते, म्हणाल्या. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. शेणानं सारवताना बोटांच्या रेघा उमटतात ना, तशाच बारीक रेघा तळहातभर असतात. तीन बाजूंनी येणाऱ्या रेघा जिथे मिळतात तिथे छोटासा तिठा होतो. बहुतेकांचा हा तिठा खाली, मनगटाजवळ. दुर्गीसारख्या मुलांचा बहुतेक वेळा वर सरकून तळहाताच्या मध्याकडे आलेला. आमच्या बाळाचा तिठा मनगटाशी होता. बाकीच्या खुणाही काही नाहीत, बाळ अगदी नीट आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. यांनी तर बाहेर येऊन उसाचा रस पाजला, तोही न मागता.

खरं सांगते, रसाचा पेला मी तसाच खाली ठेवला. मला इतकं हलकं वाटलं होतं, आणि तेवढ्यात दुर्गीचं तोंड डोळ्यांसमोर आलं. पाहुणे आले की दारातल्या चपला जोड्याजोड्यांनी लावणारी, मी आले की माझ्या पोटाला मिठी मारून सोडायचं नाव न घेणारी आपली दुर्गी. तिच्यासारखं माझं मूल नाही म्हणून मी आनंदानं रडत होते. मग मी यांना तिथेच बसवलं आणि पुन्हा आत गेले. डॉक्टरीणबाईंना दुर्गीचं सगळं सांगितलं, आणि तुझंही.

दुर्गी तुझ्या पोटात असतानाच्या त्या सूर्यग्रहणाचं सांगितलं. नदीवरून ओलेत्या बायका परत येताना पाहून तुला वाटलं, ग्रहण सुटलं, सुटल्यावरची आंघोळ करून आल्या. त्या आल्या होत्या ग्रहण लागतानाची आंघोळ करून. तू विळीवर बसलीस आणि वांगी चिरलीस. दुर्गी झाल्यापासून तुझ्या सासरच्यांनी ती वांगी तुला रोज वाढली, आणि तू मुकाट्यानं गिळलीस. तेव्हापासून तू विळीला हात लावत नाहीस. मेथी खुडतेस, भेंडी हातानं मोडतेस, आणि सगळे ते बघून न बघितल्यासारखं करतात. मला त्यांचा इतका संताप येतो म्हणून सांगू!

बाईंनी एकच विचारलं, तेव्हा कितवा महिना होता? मी म्हटलं सातवा. तर म्हणाल्या, तळहातावरच्या या रेघा चौथ्या-पाचव्या महिन्यातच पक्क्या होतात, नंतर जन्मभर बदलत नाहीत. ताई, कळलं का तुला? तू विळीवर बसलीस तेव्हा दुर्गीचा हात कधीच लिहून झाला होता. आणि मुळात ते रेघांच्याही आधीचं असतं. यंदाच फ्रान्समधल्या डॉक्टरांनी शोधून काढलंय म्हणे, की जीव धरतो तेव्हापासूनच अशा मुलांच्या अंगात क्रोमोसोम नावाचा एक बारीक धागा जास्तीचा असतो. तो कुणी घालत नाही, कुणी चिरत नाही. ग्रहणाचा, वांग्यांचा, तुझा, कशाचाच दोष नाही. दुर्गीला एकदा घेऊन या असंही त्या म्हणाल्या. अशा मुलांचं हृदय तपासून घेतलेलं बरं असतं. आपण दोघी मिळून जाऊ.

तू मला बाळंतपणाला का येऊ दिलं नाहीस ते मला पुण्याहून येताना कळलं. तुला वाटलं, तुझी सावली माझ्या पोटावर पडेल. वेडी कुठली! म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मोशीच्या घरी बारसं आहे. सकाळच्या एसटीनं चाकणवरून ये, हे फाट्यावर उभे राहतील. सासूबाईंना मी सगळं सांगितलं. तर म्हणाल्या, तिला म्हणावं पोरीला घिऊन ये, पाळण्याची दोरी तिच्याच हातात द्यायची हाय. आणि काल त्यांनी स्वतः विळीला धार लावून आणली. जेवायला भरपूर माणसं आहेत, वांगी टोपलीभर सांगितली आहेत. मी ओली बाळंतीण, मला कुणी कामाला हात लावू देत नाही. तेव्हा ती सगळी तूच चिरायचीस, ताई, अंगणात, सगळ्यांच्या समोर बसून.

तुझीच,
रंभा