बिनफुलाचा कोलम

मार्गळी १

मार्गळी महिना लागला आणि इनिया पहाटे उठली! एरवी ऑफिसची बस दिसेपर्यंत ही नात अंथरुणात. तिला वेड दोनच गोष्टींचं — दारात पिठाने रेखायचा कोलम आणि मोबाईल. कोलम झाला की लगेच फोटो. देवाने बघितला की नाही कोण जाणे, अख्ख्या ऑफिसने बघितला.

मधोमध शेणाचा गोळा ठेवला, पण वर खोचायचं भोपळ्याचं फूल नाही. वेल तिच्या मैत्रिणीच्या, तेन्मोळीच्या गच्चीवर, दोन दारं सोडून. लहानपणापासून मार्गळीत फूल तिकडूनच येतं. यंदा काय झालं विचारलं, तर म्हणे वेल वाळला. मला इथून दिसतोय. फुलांनी पिवळाधमक आहे.

मार्गळी ४

कळलं. तेन्मोळीला बंगळूरला नोकरी लागली, पोंगल झाला की जाणार. इनियाला सांगितलंच नाही, हिने मैत्रिणींच्या ग्रुपवर वाचलं. म्हणून अबोला.

दोघी मिळून स्कूटर घेणार होत्या म्हणे. शनिवारी समुद्रावर मिरचीची भजी, नव्या सिनेमाचा पहिला खेळ, एकीचे डूल दुसरीच्या कानात. आता गल्लीत समोरासमोर आल्या की मोबाईलमध्ये माना. एक दिवस आपटतील एकमेकींवर. आपटल्या तर बरंच.

मार्गळी ९

गुडघे.

मार्गळी १२

कोपऱ्यावरचे मुनुसामी टेलर गेले. पहाटे त्यांच्या दारात ना सडा ना कोलम, पायरी कोरडी. गल्लीला कळलं, कुणाला काही विचारावं लागलं नाही. मी जाऊन बसले. रडू आलं नाही — जन्मभर माझे ब्लाउज घट्ट शिवले त्यांनी.

तेन्मोळी सगळ्यांना कॉफी देत होती. माझ्या पेल्यात साखर कमी, न सांगता. इनिया आली आणि तिच्या हातची कॉफी न घेता निघाली. घरी आल्यावर म्हटलं, "ती गेल्यावर कुणाशी भांडशील गं?"

"कुणाशीच नाही. शांत राहीन."

शांत म्हणे! ताटातल्या इडलीकडे ती गार होईपर्यंत बघत बसली होती.

मार्गळी २०

कोलम रोज वाढतोय. अर्धा रस्ता व्यापला, रिक्षावाले शिव्या देत वळसा घालतात. तेन्मोळीही दूध आणताना वळसा घालते. पाय तिकडे, मान इकडे. फूल अजून नाही. दोघींच्या नाकांचं लोणचं घालायचंय का?

मार्गळी २५

काय सकाळ! इनिया कोलम काढून अंघोळीला गेली होती. तेवढ्यात तेन्मोळी धावत आत आली — अनवाणी, केस सुटलेले, हातात भोपळ्याचं फूल. "पाट्टी कुठे आहे?"

पाट्टी, म्हणजे मी आजी, खुर्चीत कॉफी पीत होते. म्हटलं, अजून तरी इथेच आहे.

ती म्हणाली, फूल खुडताना गच्चीवरून बघितलं, दारात कोलम नाही, मला वाटलं... इनिया ओल्या केसांनी बाहेर आली. आपण कोलम काढला होता, शपथेवर काढला होता, असं म्हणायला लागली. बाहेर काहीच नव्हतं. पाण्याची लॉरी सांडत गेली असेल, मी म्हटलं.

इनिया तेन्मोळीला म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"तू रडशील म्हणून."

"मग काय हसले का मी?"

मी आत गेले. कॉफीचं डिकॉक्शन पुन्हा काढावं लागलं. बाहेर येऊन बघते तर दोघी रस्त्यात बसून कोलम काढतायत. एकीच्या रेघा दुसरी पुसतेय. मधोमध फूल.

मार्गळी २८

पोरींची बडबड थांबत नाही. अबोला होता तेव्हा निदान रेडिओ ऐकू यायचा.

तै ३

तै महिना लागला, पोंगल झाला. तेन्मोळी निरोपाला आली. इनिया बॅग उचलून पुढे गेली. पाया पडताना तेन्मोळी माझ्या कानाशी म्हणाली, "पाट्टी, त्या दिवशी पायरी ओली होती. मयताच्या घरी पायरी कोण धुतं?"

बादली मीच ओतली होती. पोरीने ते दारातच ओळखलं होतं. तरी आत आली.