होडीवरच्या कॉम्प्युटरची वायर

आल्हाद,

अंतू झोपली आहे तेवढ्यात लिहिते. उठली की आम्ही दोघी चेरीतालला आईकडे जाऊ, संध्याकाळी परत. वरण-भात कुकरमध्ये आहे.

तुझ्या शिडाच्या होडीवर स्वस्तातला कॉम्प्युटर बसवायचा आहे, हे मला फ्रिजवरच्या कागदावरून कळलं. तोही तुझ्या कॉलेजच्या विनीता मॅडमच्या अक्षरात! अक्षर सुरेख आहे हो. पण त्यात लिहिलंय तसा जुना लॅपटॉप इन्व्हर्टरवर लावायचा म्हणजे बॅटरीचे बारा व्होल्ट आधी दोनशेतीस करायचे, मग चार्जरने पुन्हा एकोणीसवर आणायचे. त्यात किती वीज फुकट जाते! बरगी धरणाच्या पाण्यात मधोमध बॅटरी बसली, तर शिडात फुंकर मारायलाही मॅडमनाच बोलाव.

त्यापेक्षा थेट बारा व्होल्टवर चालणारा छोटा सेकंडहँड कॉम्प्युटर घे, स्क्रीनही तशीच. दोन्हींना मिळून लॅपटॉपपेक्षा कमी वीज लागेल आणि एक सोलर पॅनल पुरेल. फ्यूज घालून वायर मी करून ठेवली आहे, अंतूच्या दुपट्यांच्या खणात. दोन दुपारी गेल्या त्यात.

रिछाईच्या फॅक्टरीत चार वर्षं मी हेच काम केलं. अंतू झाली म्हणून विसरले का? मला काहून नाही विचारलं रे?

वायर तू जोडू नको. रविवारी आम्हाला घेऊन चल. अंतूला तू धर, जोडणी मी करते.

तिचं लाइफजॅकेट मागच्या महिन्यातच आणलंय. तू कधी 'चल' म्हणतोस, याचीच वाट बघून राहिली होती मी.

अवंती