मीनाच्या गुडघ्यामागची गाठ

१२ नोव्हेंबर १९७८
आलमबागचे देशमुख मुलीला घेऊन ओपीडीत आले. हवाई दलात आहेत, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. मीना, वीस वर्षांची, बी.ए.ला. डाव्या गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ. दोन वर्षं आहे म्हणे! दुखायला लागली तेव्हा कुठे बापाला सवड झाली. लेप, शेक, मालिश, सगळं करून झालंय. चोळून चोळून कातडी काळवंडली आहे. मनातल्या मनात शिव्या घातल्या.
मी मराठीत विचारतो, ती इथेच वाढलेली, हिंदीत सांगते. "काका, साइकिल पर पैडल मारो तो खिंचता है."
एक्स-रे सांगितला.

१४ नोव्हेंबर
फिल्ममध्ये गाठीत पांढरे ठिपके. आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर, लांबूनच बघून म्हणाले, "हिमॅन्जिओमा है यार, खून की नसों का गुच्छा. छीलकर निकाल दो."
अशा रक्ताच्या गाठीत ठिपके दिसतात, खरं आहे. पण ते गोल, गुळगुळीत, साबुदाण्यासारखे. हे तर रांगोळी सांडल्यासारखे. शिवाय पाय वर धरून ठेवला तरी गाठ तसूभर बसली नाही. रक्ताची असती तर थोडी तरी...
म्हटलं, आधी तुकडा काढून तपासू. सर: "तुम मराठी लोग हर बात में कीड़ा निकालते हो." सगळे हसले. मीही हसलो. राग आला होता.
शेवटी, "करो, जो करना है."

१७ नोव्हेंबर
बायोप्सी. चीर लहान, उभी. गाठीभोवती छान आवरण. बोट फिरवलं असतं तर अख्खी सोलून हातात आली असती. हाच मोह वाईट. ते आवरण गाठीनेच तयार केलेलं असतं, रोग त्यातही असतो आणि बाहेरही. तुकडा घेतला, टाके घातले, बस.

२५ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. सायनोव्हियल सार्कोमा. कॅन्सर.
मी बरोबर होतो. काय चाटायचंय त्याला?
पायाची मुख्य रक्तवाहिनी गाठीत गुरफटली आहे. नुसती गाठ काढून भागणार नाही, मांडीतून पाय कापावा लागेल. छातीचा एक्स-रे स्वच्छ, तिथे पसरलेला नाही, एवढंच बरं.

२७ नोव्हेंबर
देशमुखांना सांगितलं. भडकले. "मोठे डॉक्टर साधी गाठ म्हणाले होते. तुम्हीच तुकडा काढून ती खवळवलीत!"
सरांनी मात्र त्यांना खोलीत बोलावलं. माझ्यासमोर म्हणाले, "गलती मुझसे हुई थी, देशमुख साहब. ये सही कह रहे हैं." ही अपेक्षा नव्हती. देशमुख खुर्चीत बसून रडले.
मीनाने मला व्हरांड्यात गाठलं. "काका, घुमाइए मत. काटने से बच जाऊँगी?"
"हो," म्हणालो. "बहुतेक" हा शब्द गिळला.

५ डिसेंबर
ऑपरेशन झालं. नीट झालं. जेवण गेलं नाही.

२० जानेवारी १९७९
मीना कुबड्यांवर आली. भराभर चालते. जखम भरली. "पापा ने साइकिल बेच दी. पूछा भी नहीं." पायाबद्दल अवाक्षर नाही, सायकलवरून मात्र डोळे भरून आले. देशमुख भिंतीकडे बघत होते.

१८ जून
चार दिवस मीनाला खोकला. फिल्म काढली. उजव्या फुप्फुसात डाग.
सर म्हणाले, "टीबी होगी. यहाँ जिसकी छाती देखो, टीबी निकलती है." बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. क्षय सहसा वर, शेंड्याकडे असतो. हा खाली, कडेला, गोल. पायातला कॅन्सर छातीत पसरला की असाच दिसतो. त्यांनाही कळतं ते.
थुंकी तपासायला दिली. टीबीची औषधं सुरू करायची, महिन्याभराने पुन्हा फिल्म, असं ठरलं.
बाहेर देशमुखांनी हात धरला. "टीबी तर बरा होतो ना हल्ली, डॉक्टरसाहेब?"
"होतो."
मीना नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी घाईत असल्याचं सोंग करून निघालो.
घरी आलो तर सुधा देवापुढे दिवा लावत होती. इतक्या वर्षांत मी कधी तिथे उभा राहिलो नाही. आज चपला काढून बायकोशेजारी उभा राहिलो, हात जोडले, आणि पोरीला क्षयच असू दे, म्हणालो.