कॉम्प्युटर बरा झाला त्याची तक्रार

चि. पो-युआन यास,

चियायीहून मामाचे आणि (ती स्वयंपाकघरात असल्यामुळे तिला न विचारताच) मामीचेही आशीर्वाद. तिकडे सिंचूला वारा फार, तेव्हा कान झाकत जा. कारखान्यात जागरणं करून तुझे डोळे खोल गेलेत असं तुझी आई म्हणते. माझी कंबर ठीक आहे, मामीचा गुडघा तिच्या लहरीप्रमाणे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही आणि मामीचे कान घरभर असतात. मुद्दा असा, की चंद्रोत्सवाला येताना तू आमच्यासाठी नवा कॉम्प्युटर आणणार आहेस म्हणे. तो आणू नकोस. (पपनसंही आणू नकोस, इथं ढीग पडलाय.)

आमचा जुना कॉम्प्युटर तुला ठाऊक आहे. तू शाळेत असताना आ-शुईनं तो सुटे भाग जमवून बांधला. आ-शुई म्हणजे माझा तो रेडिओ दुरुस्त करणारा दोस्त, ज्यानं तुझा व्हिडिओ गेम उघडला होता आणि ज्याला तो परत जोडता आला नव्हता. या कॉम्प्युटरवर मी देवळाच्या सूचना टाइप करतो (आणि मधल्या वेळात माहजोंग खेळतो, मामीला हे माहीत नाही असं मी धरून चालतो). या उन्हाळ्यात त्यानं मान टाकायला सुरुवात केली. माझू देवीच्या पालखीची सूचना अर्ध्यावर आली की पडदा निळा. माहजोंगचा डाव जिंकायच्या बेतात आला की पडदा निळा.

दर वेळी आ-शुई स्कूटरवरून यायचा, शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. आधी म्हणाला, धूळ. मामीच्या केस वाळवायच्या यंत्रानं त्यानं सगळी धूळ उडवली, आणि तेव्हापासून ते यंत्र मामीच्या डोक्यावर धूळ सोडतं. मग म्हणाला, मेमरी. आतली पट्टी काढून खोडरबरानं घासघास घासली. त्यावर कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत टिकला. मग खोक्याची एक बाजू काढून समोर टेबलफॅन लावला. कॉम्प्युटर गार झाला, पण देवळाचे कागद शेजाऱ्यांच्या बदकांत जाऊन पडले. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो खोक्यावर थाप मारून म्हणायचा, "जुनं हाड आहे रे, सारखं बघायला लागणार." तोवर जेवणवेळ झालेली असायची.

"भाऊजी, हे बिघडतं की तुम्ही बिघडवता?" मामी विचारायची.

"वहिनी, तुमचं माशाचं सूप पोटात गेल्याशिवाय खरा दोष सापडत नाही."

मामी मागाहून माझ्याजवळ कुरकुरायची, की हा माणूस सूप भांड्याच्या बुडापर्यंत खरवडतो. खरवडणारच. बायको गेल्यापासून तो घरी शेवया उकळतो आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच खातो. नुसतं 'जेवायला ये' म्हटलं, तर 'जेवलो' म्हणतो, केव्हाही. हातात स्क्रूड्रायव्हर असला की मात्र कामावर आलेल्या माणसासारखा हक्कानं मागून घेतो.

मग एकदा त्याला हिरवं पाकीट आठवलं. हसू नकोस, तुमच्या कारखान्यातसुद्धा कोट्यवधींच्या यंत्रांवर तुम्ही शिकलेली माणसं ते नारळाच्या वासाचं कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवता, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. आमच्याही खोक्यावर होतं. उलटून बघतो तर मुदत कधीच संपलेली! म्हणजे एवढी वर्षं आम्ही त्याला शिळ्यावर राबवत होतो. मामीला दुकानात पिटाळलं, तर ती पिवळं घेऊन आली (स्वस्त होतं म्हणून). यंत्राचा दिवा हिरवा पेटायला हवा, पिवळा नव्हे, हे तिला सांगायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही, तेव्हा आ-शुई गुपचूप जाऊन हिरवं घेऊन आला. ते ठेवण्याआधी खोकं पुसायला घेतलं तर पॉवर सप्लायच्या डबीतून आवाज, चुक चुक. लोकांच्या मनात पाल चुकचुकते, आमच्या कॉम्प्युटरमध्ये चुकचुकत होती. तिला काठीनं बाहेर काढलं, ताजं पाकीट ठेवलं आणि कॉम्प्युटर ठणठणीत बरा झाला. गुण पालीचा की पाकिटाचा, हा वाद मिटलेला नाही, कारण वाद घालायला आ-शुई येतच नाही.

येईल कशाला? काही बिघडतच नाही. सूचना वेळेवर लागतात, माहजोंगात मी शेवटपर्यंत हरतो. परवा बाजारात आ-शुई दिसला. "कसा आहे कॉम्प्युटर?" त्यानं विचारलं. मी मूर्खासारखा खरं बोलून बसलो, "एकदम झकास!" त्याचा चेहरा उतरला. "बरं झालं," म्हणाला आणि स्कूटरला लाथ मारायला लागला. खिशात स्क्रूड्रायव्हर होता. मी म्हटलं, जेवायला ये. म्हणाला, "जेवलो." सकाळी भाजीबाजारात, पो-युआन! मला फार वाईट वाटलं रे. त्याच्याशिवाय मलाही घास गोड लागत नाही.

आणि तू आणणार नवाकोरा कॉम्प्युटर, म्हणजे दहा वर्षांची निश्चिंती. नको.

तुझा,
वन-तिंग मामा

ता. क. – तू एवढा इंजिनियर झालास. चांगला चालणारा कॉम्प्युटर अधूनमधून, फार नुकसान न होता, शक्यतो जेवणाच्या जरा आधी बंद पडावा, यावर काही उपाय असेल तर कळव. पाल परत बोलावून बघितली. ती भिंतीवर सुखात आहे.

आणखी ता. क. – काल हिरवं पाकीट फोडून सगळं खाल्लं. कॉम्प्युटर ढिम्म. पोट बिघडलं, पण त्यासाठी आ-शुईला बोलावता येत नाही.

शेवटचा ता. क. – उत्तर पाठवू नकोस. लिफाफा शोधायला उठलो तर कॉम्प्युटर मेलेला! आनंदानं ओरडत स्वयंपाकघरात गेलो. मामी वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "मग बोलवा की भाऊजींना, सूप निवतंय." टेबलावर तीन वाट्या आधीच मांडलेल्या होत्या, आणि तिच्या केसांच्या पिनांच्या उघड्या डबीत मेमरीची पट्टी. आ-शुई आत्ताच आलाय. त्यानं खोकं उघडलं, रिकामी खाच बघितली, मग टेबलावरची ती डबीही बघितली आणि तिचं झाकण हळूच लावून टाकलं. "दोष खोल आहे, वहिनी," तो म्हणाला. "उद्याही यावं लागेल."