झडपा उघडायची वेळ

क्रॅब हॉलो, टेनेसी
२ जून

चि. डेल्बर्टला ऑर्लीनताईचे अनेक आशीर्वाद, आणि माझ्या मागच्या पत्रांना उत्तर न दिल्याबद्दल एक धपाटा. वि. वि.

फोनच करणार होते, पण तुला ऐकू येत नाही आणि मला आता ओरडवत नाही, म्हणून कागद घेतला.

घराखाली प्लॅस्टिक घालून झालं एकदाचं. बैठकीतली जमीन हार्लनच्या खुर्चीखाली दबायला लागली होती, ते तुला लिहिलं होतंच. आमच्या चर्चमधल्या मेव्हिसचा जावई क्लेटन हेच काम करतो. तो घराखालच्या पोकळीत रांगत शिरला आणि बाहेर आला तेव्हा तोंड असं, जणू मयताला आलाय. म्हणाला, मावशी, तुळयांवर बुरशी आहे, हात लावला की हात ओला होतो. मग त्यानं खालच्या सगळ्या मातीवर जाड पांढरं प्लॅस्टिक अंथरलं, भिंतींवर हातभर वर चढवलं, एकेका खांबाला गुंडाळून टेप मारली. ओल शोषणारं यंत्र ठेवलं, त्याची नळी बाहेर अझेलियाच्या झुडपात सोडली. स्वयंपाकघरात एक काटा टांगला, खाली किती ओल आहे ते दाखवणारा. काटा पन्नासच्या आसपास आला की घर कोरडं समजायचं.

घराखाली वारा खेळावा म्हणून जोत्यात बसवलेल्या लोखंडी झडपा त्यानं सरकवून लावून टाकल्या, तेव्हा मात्र मी भांडले. वसंतात डॉगवुडचं झाड फुललं की झडपा उघडायच्या आणि पहिलं हिव पडायच्या आत लावायच्या, हे आपल्याकडे बाबांच्या आधीपासून चालत आलंय. उन्हाळ्यात घराला श्वास नको का? तर तो म्हणाला, गार चहाच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच उन्हाळ्याची दमट हवा आत शिरली की गार तुळयांना सुटतं. म्हणजे जन्मभर आपण ओलीला दार उघडून या बसा म्हणत होतो! मग मी त्याला लावू दिल्या. हस नको.

पण खरी गंमत पुढेच आहे. एवढं करूनही दुपारी बघावं तर काटा सत्तरच्या वरच. नळीतून अझेलियाला असं पाणी चाललंय की तिला आता बेडूक लागायचे. माती झाकली, झडपा लावल्या, मग हे पाणी येतं कुठून? माझ्या डोक्याला भुंगा लागलाय.

आणि हा नुसता माझा चौकसपणा नाही रे. हार्लनचा खोकला जात नाही. लेकीनं, रोंडानं, स्पष्ट सांगितलंय की चार जुलैला ती येईल, घर कोरडं दिसलं तर ठीक, नाहीतर बाबाला नॉक्सव्हिलला त्या वृद्धांच्या घरात ठेवायचं. तिथं कुलूपबंद मजला असतो म्हणे, विसरभोळ्या माणसांसाठी. पोरीचं चुकत नाही, तिचा जीव तुटतो बापासाठी. पण हे घर माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी बांधलंय. सकाळी डॉगवुड फुललं म्हणतो, संध्याकाळी आज हिव पडणार म्हणतो, मधूनच मला बाई तुम्ही कुणाच्या असं विचारतो. तरी त्याला या घरात त्याचा कप सापडतो, न्हाणीघर सापडतं. दुसरीकडे त्याला काय सापडणार?

तुझं डोकं रिकामंच असतं, जरा विचार कर आणि कळव. लोभ असू दे, ओल नसू दे.

तुझी ताई
ऑर्लीन

&nbsp;

डॅरियन, जॉर्जिया
८ जून

ती. ऑर्लीनताईस,
धाकट्या आणि तुझ्या मते बिनकामाच्या भावाचा सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. पाठ अजून दुखतेय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग बोटीवरच्या मंडळींनाही वाचून दाखवलं. इथं कोळंबीचा हंगाम सुरू झालाय, पण दोन दिवस सगळे तुझ्या घराखालच्या पाण्याबद्दलच बोलताहेत. एकाचं म्हणणं, न्हाणीघराचा नळ खालून गळतोय. दुसऱ्याचं म्हणणं, घर झऱ्यावर बांधलंय. माझं स्वतःचं मत असं की एखाद्या ग्राउंडहॉगनं भिंतीखालून बीळ पाडलंय आणि तुझ्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर तो सहकुटुंब राहतोय. बिळाच्या तोंडाशी पीठ भुरभुरून ठेव, पावलं दिसतील.

झडपांचं ऐकून मात्र कसंसंच झालं गं. आपला म्हातारा डॉगवुडकडे बघत बसायचा आठवतं? पहिलं फूल दिसलं की हातातलं काम टाकून उठायचा. हार्लनला ते त्यानंच शिकवलं. तुला मागणी घालायला आला होता तेव्हा बाबांनी त्याला आधी घराभोवती फिरवून झडपा उघडायला लावल्या, मग आत घेतलं. मी मागून कंदील घेऊन चाललो होतो, भर दिवसा. का ते मलाही माहीत नाही. आणि आता म्हणे ते सगळं चूक! बाबा असते तर त्यांनी क्लेटनला चहाच्या ग्लासासकट हाकललं असतं.

हार्लनला माझा रामराम सांग. ओळखलं नाही तर सांग, तुमच्याबरोबर ट्राउट मासे पकडायला यायचा आणि एकही पकडायचा नाही तो.

चार डबे भाजके शेंगदाणे पाठवलेत. माया कमी करू नकोस, धपाटे कमी केलेस तरी चालेल.

तुझा
डेल्बर्ट

&nbsp;

क्रॅब हॉलो
१४ जून

चि. डेल्बर्ट, आशीर्वाद. शेंगदाणे मिळाले, अर्धे संपले. वि. वि.

तुझ्या बोटीवरच्या शहाण्यांना सांग, नळ गळत नाही. प्लंबर येऊन गेला. झराही नाही. प्लॅस्टिकखालची माती क्लेटननं उचकटून पाहिली, ती नुसती दमट आहे, वाहत काही नाही. पीठही भुरभुरलं. सकाळी पाहते तर आमचा कुत्रा डेप्युटी ते चाटून मोकळा, नाक पांढरं करून माझ्यापुढे हजर. ग्राउंडहॉगचा पत्ता नाही.

क्लेटन बिचारा तीनदा येऊन गेला. दिवसभर त्याची दुसरी कामं असतात, म्हणून आमची जेवणं आटोपल्यावर येतो. खाली जातो, दिवा फिरवतो, टेप तपासतो, बाहेरून घराभोवती चक्कर मारून झडपा बघतो. सगळं जिथल्या तिथं. काल पायरीवर बसून मक्याचा पाव आणि घेवडा खाता खाता म्हणाला, मावशी, या घरानं माझं नाव घालवलं. मला त्याची दया आली, आणि खरं सांगू, थोडा संशयही आला. स्वस्तातलं प्लॅस्टिक तर नाही ना घातलं यानं? तसं विचारलंही. त्यानं दुसऱ्यांदा पाव घेतला नाही.

मी आता काट्यासमोरच भाजी निवडत बसते. एक गोष्ट लक्षात आलीय. रात्रभर काटा खाली खाली येतो, पहाटे पंचावन्नपर्यंत. मला वाटतं, आलं यश! कॉफी होईस्तोवर पुन्हा वर. दुपारी पाहशील तर सत्तर पार.

बाकी नेहमीचंच. हार्लन कॉफी झाली की घराभोवती फिरायला जातो, तेवढाच त्याला विरंगुळा. कुंपणाला मी कडी घातलीय म्हणून काळजी नाही. पण विजारीचे गुडघे रोज मातीनं माखून आणतो. धुऊन धुऊन माझे नाकी नऊ आले. ओरडले तर लहान मुलासारखा बघतो, मग माझंच मला वाईट वाटतं.

रोंडानं त्या जागेचे फोटो पाठवलेत. खोलीत खिडकी आहे, पण ती उघडत नाही. फोटो मी उलटे करून ठेवलेत.

लवकर लिही. तुझ्या चेष्टेनंही बरं वाटतं हल्ली, यावरून काय ते समज.

ऑर्लीनताई

&nbsp;

डॅरियन
१९ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

चेष्टा आज बेतानंच करतो.

तुझ्या काट्याचा मी बराच विचार केला. जे काही पाणी आत आणतंय ते सकाळी कॉफीनंतर कामावर येतं आणि संध्याकाळी घरी जातं. झरा असं करत नाही. ग्राउंडहॉग तर मुळीच नाही, तो आळशी, माझ्यासारखा. क्लेटन बघतो ते संध्याकाळी, जेवणानंतर, म्हणजे चोर घरी गेल्यावर. तू बघतेस काटा. सकाळी घराच्या मागच्या बाजूला कुणी बघितलंय का?

तुझा गुडघा त्या उतारावर चालत नाही, माहीत आहे. काठी घे. कॉफीनंतर जा.

मला एक वाटतंय, पण लिहीत नाही. तूच जाऊन बघावंस असं वाटतं. आणि बघितल्यावर ओरडू नकोस हं, ताई.

तुझा
डेल्बर्ट

&nbsp;

क्रॅब हॉलो
२३ जून

डेल्बर्ट,

तुला आधीच कळलं होतं, मेल्या.

गेले मी काठी टेकत. हार्लन अझेलियाच्या मागे गुडघे टेकून बसला होता. मागच्या भिंतीतल्या झडपा एकेक करून उघडत होता. गंज झाडायचा, खटका अंगठ्यानं सरकवायचा, आत हात घालून वारं लागतंय का बघायचा, मग पुढची. एरवी सदऱ्याचं बटण लावायला त्याला माझी मदत लागते. तिथं हात असा चालत होता की मी बघतच राहिले. मला पाहून म्हणाला, डॉगवुड फुललं ना, उघडायला नको? डॉगवुडाला एक फूल नाही रे. पानं पार काळपट हिरवी झालीत.

संध्याकाळी मी मागच्या खिडकीतून वाकून पाहिलं. आज हिव पडणार म्हणत उठला आणि सगळ्या झडपा लावून आला. हेच रोज चाललंय. त्याच्यासाठी सगळं वर्ष एका दिवसात येऊन बसलंय. सकाळी वसंत येतो, संध्याकाळी हिवाळा. आणि मी बया आत बसून काट्याशी भांडतेय, क्लेटनच्या प्लॅस्टिकला नावं ठेवतेय.

क्लेटनला बोलावून आधी माफी मागितली. मग त्यानं झडपांना बाहेरून स्क्रू मारले. काटा दोन दिवसांत बावन्नवर आला. अगदी हवा होता तिथं. नाचायला पाहिजे होतं मी.

पण हार्लन सकाळी गेला, खटका सरकवून पाहिला, सरकेना. सगळ्या झडपांशी जाऊन आला. मग पहिल्या झडपेशी परत. जेवायला आला नाही. संध्याकाळी पायरीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता, आणि मला विचारलं, माझ्या हातांना काय झालं गं? मी रडले, डेल्बर्ट. त्याच्यासमोरच रडले. कालही तेच. नीट खात नाही, रात्री उठून दार हलवतो.

घर कोरडं करायचं ते त्याला इथं ठेवता यावं म्हणून. आणि त्यासाठी त्याचं उरलंसुरलं घर मीच स्क्रू मारून बंद केलंय. झडपा उघड्या तर रोंडा नेणार. बंद तर तो माझ्या डोळ्यांसमोर इथंच हरवणार. काय करू?

ताई

&nbsp;

डॅरियन
२७ जून

ती. ताई,

मायना राहू दे. काय करावं ते तूच ठरव. पण रात्रभर एकच गोष्ट आठवत राहिली, ती लिहितो.

बाबांच्या जुन्या ट्रकमध्ये माझ्या बाजूला एक स्टिअरिंग होतं, आठवतं? भंगारातून आणून बाबांनी माझ्यासमोर खिळ्यानं ठोकलेलं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. मी ते फिरवायचो, ट्रक वळायचा. आपण चर्चला जायचो ते मीच नेतोय अशी माझी पक्की खात्री. तू मागे बसून फिदीफिदी हसायचीस, पण एकदाही सांगितलं नाहीस. ट्रक बाबाच चालवत होते हे मला कळलं, तेव्हा मला खरंखुरं चालवता येऊ लागलं होतं.

तेवढंच. तू आयुष्यात मला एवढी मोठी गोष्ट कधी सांगितली नाहीस, त्याबद्दल आज आभार मानतो. उत्तर लवकर पाठव, मी बंदरावर टपालाची वाट बघतोय.

तुझा
डेल्बर्ट

&nbsp;

क्रॅब हॉलो
६ जुलै

चि. डेल्बर्टला पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद. यावेळी धपाटा नाही, गालगुच्चा. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच ॲप्रनवर क्लेटनकडे गेले. म्हटलं, बाबा रे, झडपा बंद करायच्या, पण आतून. तू खाली जा, एकेका भोकावर जाड फोमची फळी बसव, कडेनं लुकण भर, वारा म्हणून शिरता कामा नये. आणि बाहेरचे स्क्रू काढून टाक. खटक्यांना तेल घाल. त्यानं पेन्सिलीनं हातावर सगळं टिपून घेतलं. मग हळूच म्हणाला, मावशी, फळीला बाहेरच्या अंगानं काळा रंग लावतो, म्हणजे उघडल्यावर अंधार दिसेल. त्याला मी पीचचं सारण भरून भाजलेला आख्खा पाय दिला, भांड्यासकट.

दुसऱ्या सकाळी कॉफी झाली. हार्लन गेला. मी मागच्या खिडकीतून वाकून बघत होते. खटका सरकला. पठ्ठ्यानं आत हात घातला, थोडा वेळ तसाच राहिला.  मग त्यानं मान डोलावली आणि पुढच्या झडपेकडे गेला. नंतर आत येऊन मी भाजलेली पावासारखी तीन बिस्किटं ग्रेव्हीबरोबर खाल्ली आणि माझं बिस्किट कडक झालंय म्हणाला.

रोंडा चार तारखेला आली. आधी काटा पाहिला, पन्नास. दिवा घेऊन स्वतः खाली रांगली, साबणानं धुतल्यासारखं स्वच्छ आहे म्हणाली. पण त्या जागेचे कागद तिच्या पर्समध्ये होतेच, मला दिसत होते. संध्याकाळी सगळीकडे स्वातंत्र्यदिनाचे फटाके वाजत होते, उकाड्यानं जीव चाललेला, आणि हार्लन उठला. आज हिव पडणार. रोंडा म्हणाली, मी जाते बाबाबरोबर. मी काही सांगितलं नाही. तुझ्यावरून शिकले.

बऱ्याच वेळानं ती एकटीच आत आली. गुडघे मातीनं भरलेले. सिंकपाशी पाठमोरी उभी राहून हात धूत राहिली. त्यानं तिला एकेक झडप लावायला शिकवली म्हणे. ती कोण हे त्याला ठाऊक नव्हतं, ताई ताई म्हणत होता. शेवटची झडप लावून झाल्यावर त्यानं तिला सांगितलं, एकही विसरायची नाही बरं का, जमीन गार होते. आमच्या ऑर्लीनचे पाय फार गार पडतात, ती बोलत नाही, पण मला माहीत आहे.

एवढी वर्षं मला वाटत होतं, तो बाबांची रीत पाळतोय.

काल सकाळी रोंडा गेली. कागद न्यायला विसरली, की ठेवूनच गेली, मी विचारलं नाही. चूल पेटवायला कामी येतील.

थंडीत ये. खाली कोरडं आहे, वर जागा आहे, आणि कॉफीनंतर हार्लनला एक मदतनीस लागतो. कंदील आणायची गरज नाही, पण आणलास तरी चालेल. माया आहे तेवढीच असू दे, आणखी मावणार नाही आता.

तुझी ताई
ऑर्लीन